पाण्यातील व्यायाम आणि रक्तदाब : एका आकलनाचा इतिहास

'रक्तदाब आहे, पोहावे का?' हा प्रश्न खाडीकाठच्या कोपर-डोंबिवलीत आज सहज विचारला जातो. त्याचे शास्त्रीय उत्तर मात्र फार जुने नाही. रिवा-रोची यांनी १८९६ मध्ये दंडपट्टीचे उपकरण सिद्ध केले आणि १९०५ मध्ये कोरोत्कॉफ यांनी नाडीध्वनी ऐकून दाब मोजण्याची रीत दिली. परंतु ही मापने जमिनीवरची होती. पाण्यात शरीरावर चोहोबाजूंनी दाब येतो, तेव्हा रक्ताचे काय होते?

१९७२ मध्ये स्वीडनमधील आर्बोरेलियस व सहकाऱ्यांनी गळ्यापर्यंत पाण्यात बसलेल्या व्यक्तींची तपासणी केली. सुमारे ७०० मि.लि. रक्त पायांकडून छातीकडे सरकते आणि हृदय दर मिनिटाला जवळजवळ एक तृतीयांश अधिक रक्त बाहेर टाकते, असे आढळले. तरीही दाब फारसा चढत नाही, कारण रक्तवाहिन्यांचा रोध घटतो. माझ्या मते या इतिहासातील कळीचा शोध हाच.

२०१४ मध्ये ब्राझीलमधील संशोधकांनी औषधांना न जुमानणाऱ्या उच्च रक्तदाबाच्या रुग्णांकडून बारा आठवडे कोमट पाण्यात व्यायाम करवून घेतला; त्यांचा दाब लक्षणीय उतरला. त्या पाण्याचे तापमान होते सुमारे ३२ अंश सेल्सियस. आपल्या उघड्या तलावांतील पौषातल्या पहाटेचे पाणी त्याहून बरेच गार असते, आणि गारठ्याने त्वचेतील रक्तवाहिन्या आकसून दाब वाढतो.