जयपालसिंग मुंडा : यादीतले नाव आणि स्वतःचे नाव

गेल्या वर्षी बी.ए.च्या वर्गात मी संविधान सभा शिकवीत होतो. बाबासाहेब आणि मसुदा समिती हा भाग आला की माझा आवाज आपोआप चढतो, हे विद्यार्थ्यांनाही ठाऊक आहे. तास संपल्यावर सातपुड्यातून आलेला एक भिल्ल विद्यार्थी टेबलापाशी आला. म्हणाला, "सर, तिथं आमचं कोणी होतं का?" मी म्हणालो, "होते की, जयपालसिंग." पुढे काय सांगावे ते सुचेना. हॉकीचा कप्तान, एवढेच मला माहीत होते. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. आपला इतिहास पुस्तकात नाही म्हणून आयुष्यभर ओरडत आलो. त्या पोराने मला साध्या एका प्रश्नात उघडे पाडले.

मग वाचायला घेतले.

जयपालसिंग १९०३ साली छोटानागपुरातल्या टकरा या मुंडा गावी जन्मले. रांचीच्या मिशनशाळेतून ऑक्सफर्डला गेले. १९२८च्या अॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये ते भारतीय हॉकी संघाचे कप्तान होते. संघाने सुवर्णपदक जिंकले, पण अंतिम सामन्याआधीच ते संघापासून बाजूला झाले होते. आय.सी.एस.ची वाट सोडली. पुढे तेलकंपनीत नोकरी केली, आफ्रिकेत शिकवले, संस्थानिकाकडे मंत्री झाले. असा माणूस साहेब म्हणून सुखाने मेला असता. पण जानेवारी १९३९मध्ये ते रांचीला आदिवासी महासभेचे अध्यक्ष झाले आणि त्यांच्या आयुष्याने वळण घेतले.

१९ डिसेंबर १९४६ला ते संविधान सभेत बोलायला उभे राहिले आणि आपण जंगली आहोत, हे त्यांनी अभिमानाने सांगितले. शिवी होती, ती त्यांनी छातीवर लावली. आदिवासींना लोकशाही शिकवण्याच्या भानगडीत पडू नका, ती त्यांच्याकडून शिका, असेही सुनावले. या सभागृहात पुरुष फार झाले, बायका अधिक हव्यात, हेही त्याच भाषणात आहे. नोव्हेंबर १९४८मध्ये दारूबंदीचे कलम आले तेव्हा त्यांनी विरोध केला. तांदळाची हंडिया ही आदिवासींच्या देवधर्माचा भाग आहे, आणि ती मिळाली नाही तर बंगालात संथाळ भातलावणीला उभा राहणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे मी आमच्या वस्तीत पाहिली आहेत, त्यामुळे हे वाचताना मी अडखळलो. पण आपल्या पूजेतले काय ठेवायचे आणि काय टाकायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे. दुसऱ्याने सुधारणेच्या नावाखाली ठरवू नये, हा त्यातला मुद्दा मला नाकारता येत नाही.

याच अधिवेशनात, डिसेंबर १९४८मध्ये, त्यांचा बाबासाहेबांशी सवाल-जबाब झाला. आदिवासी हा शब्द का नको, असा जयपालसिंगांचा सवाल होता. बाबासाहेबांनी दिलेले उत्तर वकिलाचे होते आणि बिनतोड होते. 'आदिवासी' या शब्दाला कायद्यात निश्चित अर्थ नाही. 'अस्पृश्य' या शब्दालाही नव्हता. त्यात कोणीही कोणालाही घालू शकला असता. म्हणून जातींची यादी करावी लागली, आणि अनुसूचित जमातींचीही करावी लागेल.

यादीचे मोल मला कोणी समजावून सांगायला नको. माझी फी यादीने माफ झाली, शिष्यवृत्ती यादीने दिली, वसतिगृहातली भाकरी यादीतून आली. पण यादी पोटाला घालते, नाव देत नाही. १९५६ला आपण बौद्ध झालो, आपले नाव आपण निवडले. त्याबरोबर केंद्राच्या यादीतून गळालो आणि पुन्हा तिच्यात यायला १९९० साल उजाडावे लागले. जयपालसिंगांचा हट्ट आपल्याला तरी समजायला हवा होता.

तो समजला का? १९४५ला मुंबईत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनपुढे बाबासाहेबांनी जातीय पेचावरचा आपला आराखडा मांडला. प्रतिनिधित्वाच्या त्या वाटणीत आदिवासी जमाती धरलेल्या नाहीत. त्यांच्यात राजकीय जाण अजून आलेली नाही, त्या दुसऱ्यांच्या हातातले हत्यार होतील, असे कारण दिलेले आहे. तेव्हा जयपालसिंग रांचीत सहा वर्षे महासभा चालवीत होते. हे मी लिहितो आहे म्हणून काही मित्र रागावतील. रागवावे. बाबासाहेबांनीच आम्हाला पोथी मानायला शिकवले नाही.

आणि बोट फक्त बाबासाहेबांकडे कशाला? दलित पँथरच्या १९७३च्या जाहीरनाम्याने दलितांच्या व्याख्येत अनुसूचित जमातीही घेतल्या. मनाचा मोठेपणा होता, शंका नाही. पण तुम्हाला हे नाव चालेल का, असे आम्ही कोणाला विचारले? अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरची नावे आम्हाला तोंडपाठ. टकरा गावच्या या माणसाचे नाव आमच्या किती लेखांत आले?

जयपालसिंगांच्या नेतृत्वाला डाग नाहीत असे नाही. १९५२च्या निवडणुकीत त्यांचा झारखंड पक्ष बिहार विधानसभेत मुख्य विरोधी पक्ष झाला होता. १९६३ला त्यांनी तो काँग्रेसमध्ये विलीन केला. मंत्रिपद मिळाले, झारखंड मिळाला नाही. तो १५ नोव्हेंबर २०००ला, बिरसा मुंडांच्या जयंतीदिवशी झाला. हा व्यवहार आपल्याकडच्या वाचकाला ओळखीचा वाटेल. रिपब्लिकन पक्षाच्या गटांची कथा निराळी नाही.

१९६९ला त्यांनी आपल्या आठवणी लिहिल्या. मार्च १९७०ला ते वारले. 'बलुतं' यायला अजून आठ वर्षे होती. 'बलुतं' आले, त्यामागे कितीतरी आत्मकथने आली, आमच्या बापजाद्यांचे जगणे छापले गेले, अभ्यासक्रमाला लागले. जयपालसिंगांचे हस्तलिखित मात्र पडूनच होते. 'लो बिर सेंद्रा' या नावाने ते २००४ला रांचीत छापले गेले.

हे सगळे मी त्या विद्यार्थ्याला सांगितले. १९४५चे भाषणही वगळले नाही. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, ते हंडियाचं भाषण वर्गात वाचाल का?" पुढच्या तासाला वाचले. मागच्या बाकांवरची चार-पाच पोरे एकदम हसली; त्यांच्यापैकी एकाने तासभरात पहिल्यांदाच वही उघडली.