बर्फाच्या मर्जीवरची धाव

कडाक्याच्या थंडीतल्या मॅरेथॉनची कथा माणसाच्या जिद्दीची म्हणून सांगितली जाते. तिचा इतिहास पाहिला तर शेवटचा शब्द बर्फाचाच ठरतो. अंटार्क्टिकातल्या किंग जॉर्ज बेटावर १९९५ मध्ये पहिली मॅरेथॉन झाली. २००१ मध्ये याच शर्यतीसाठी जहाजाने आलेल्यांना हवामानाने किनाऱ्यावर उतरूच दिले नाही, तेव्हा धावपटूंनी जहाजाच्या डेकवर फेऱ्या मारून अंतर पुरे केले. २००२ मध्ये आयर्लंडचे रिचर्ड डोनोव्हन उत्तर ध्रुवावर एकटे धावले; तिथे पायाखाली तरंगता बर्फच असतो. सरावातही थंडीपुढे असेच नमते घ्यावे लागते. ओले कपडे अंगातली ऊब झपाट्याने ओढून घेतात, म्हणून घाम फुटणार नाही इतपतच वेग ठेवावा लागतो.

अशा शर्यती म्हणजे श्रीमंतांची हौस, असा आक्षेप घेतला जातो. ध्रुवीय शर्यतींपुरता तो रास्त आहे. पण फेब्रुवारी २०२३ मध्ये लडाखच्या गोठलेल्या पँगाँग सरोवरावर, सुमारे ४,२०० मीटर उंचीवर, २१ किलोमीटरची शर्यत झाली, ती 'लास्ट रन' या नावाने. हवामानबदलामुळे हा बर्फ उद्या उरेल का, हा प्रश्न त्या नावातच होता. जिथे बर्फ हाच रस्ता, तिथे तो राखणे हे धावण्याइतकेच मोलाचे.