सिमल्याची जुनी रेघ

सिमल्याच्या मॉलवरून लोअर बाजाराकडे उतरणाऱ्या पायऱ्यांवर क्षणभर थांबले म्हणजे एका दृष्टिक्षेपात दोन गावे दिसतात. वरच्या अंगाला लाकडी पट्ट्यांनी नटलेले दर्शनी भाग, टोकदार छपरे, धुरांडी आणि खिडक्यांची रंगीत तावदाने. खालच्या अंगाला एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभी असलेली पत्र्याची घरे, त्यांच्या सज्ज्यांत वाळणारे कपडे आणि मधून वाट काढीत वर चढणारा ओझेवाला. ही दोन्ही गावे आज एकाच कायद्याच्या छायेत आहेत. त्या कायद्याची हकीकत सांगण्याचा विचार आहे. आणि ती सांगावयाची तर घरांची हकीकतही सांगितली पाहिजे.

आपल्यापैकी पुष्कळांनी सिमल्याचे पाणी चाखले आहे. हिशेबखात्यात निवड झालेल्यांना तर यारोज नावाच्या वास्तूत उमेदवारी करावी लागते. इतरांना बदलीचा हुकूम तेथे नेतो. परंतु आम्ही सरकारी माणसे सरकारी निवासात राहतो. छप्पर गळले तर अर्ज करावा आणि पावसाळा संपण्याची वाट पाहावी, एवढेच आमचे काम. त्यामुळे ज्याचे घर स्वतःचे आहे त्याला खिडकीची चौकट बदलावयाची झाल्यास काय करावे लागते, हे आमच्या लक्षातच येत नाही. आमच्याही आले नव्हते. लोअर बाजारातील एका वृद्ध दुकानदाराने एकदा फडताळातून एक पिवळा पडलेला फोटो काढून दाखविला, तेव्हा प्रथम कुतूहल जागे झाले. फोटोत बरात होती, घोडा होता, नवरदेव होता. पण आमचे लक्ष वेधण्यासाठी त्यांनी बोट ठेवले ते नवरदेवावर नव्हे, त्याच्या मागे दिसणाऱ्या भिंतीवर. "साहेब, घराला तीन मजले होते याचा माझ्याजवळ एवढाच पुरावा आहे," असे ते म्हणाले.

हा पुरावा कशासाठी लागतो हे कळण्यास थोडे मागे जावे लागेल.

गुरखा युद्धानंतर हा डोंगराळ मुलूख इंग्रजांच्या देखरेखीखाली आला. १८१९ मध्ये लेफ्टनंट रॉस याने येथे लाकडी झोपडीवजा घर उभारले आणि १८२२ मध्ये त्याच्या जागी आलेल्या केनेडीने पहिले पक्के घर बांधले. १८२७ मध्ये गव्हर्नर जनरल अ‍ॅम्हर्स्ट येऊन राहून गेला. १८३० मध्ये क्योंथळ आणि पटियाळा या संस्थानांकडून जमीन घेण्यात आली. १८५१ मध्ये नगरपालिका झाली. १८६४ पासून जॉन लॉरेन्सने सिमल्यास उन्हाळी राजधानीचा दर्जा दिला आणि मग दरसाल कलकत्त्याहून अख्खे सरकार, दप्तरांच्या पेट्यांसह, या डोंगरावर चढू लागले. कालका ते सिमला आगगाडी झाली ती १९०३ मध्ये; तोवर हा सारा डोलारा माणसांच्या पाठीवरून आणि बैलगाड्यांतून आला, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

घरे बांधणाऱ्यांना आरंभी फारसा अटकाव नव्हता. पक्षिशास्त्रज्ञ आणि पुढे काँग्रेसचा एक संस्थापक म्हणून प्रसिद्धीस आलेला अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम याने रॉथनी कॅसल विकत घेतले आणि त्यात इतके फेरफार केले की, मूळ घर कोठे होते हे सांगणे कठीण व्हावे. नाचगाण्याची दालने, काचेची फुलबाग, पक्ष्यांच्या संग्रहासाठी संग्रहालय! दोन लाखांच्या वर खर्च झाला असावा, असे सिमल्याचा जुना इतिहासकार बक लिहितो. ह्यूमच्या ग्रंथाचे हस्तलिखित त्याच्या गैरहजेरीत नोकराने रद्दीच्या भावात बाजारात विकले आणि विरक्त झालेल्या ह्यूमने ऐंशी हजारांच्या आसपास नमुने ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकले. त्याच १८८५ साली डिसेंबरात मुंबईस गोकुळदास तेजपाल पाठशाळेत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले. पुण्यास भरावयाचे ते पटकीच्या साथीमुळे मुंबईस गेले, ही गोष्ट वाचकांस ठाऊक आहेच. सांगावयाचे एवढेच की, हाच ह्यूम आज रॉथनी कॅसलला काचेची एक खोली जोडू पाहील तर त्याला परवानगी मिळण्याचा संभव कमी.

मोकळीक होती ती मात्र साहेबांना. रिजच्या लगत देशी व्यापाऱ्यांचा वरचा बाजार होता. १८७५ मध्ये तो आगीत सापडला आणि पुन्हा त्या जागी वसू दिला गेला नाही. व्यापारी खालच्या उतारावर गेले. वर पुढे १८८७ मध्ये गेटी नाट्यगृह आणि १९१० च्या सुमारास टाउन हॉल उभा राहिला. मॉलवर घोडागाडी नेण्याचा मान व्हाइसरॉय, सेनापती आणि पंजाबचा गव्हर्नर या तिघांनाच होता. आज ज्याला आपण ‘वारसा’ म्हणतो, त्याच्या पायात अशी काही माणसे उठविल्याची गोष्टही पुरलेली आहे. लोअर बाजारातील माणूस वारशाचे नाव ऐकताच किंचित हसतो तो उगाच नव्हे.

आता घरे बांधली कशी, हे पाहू. आम्हांस या साऱ्या प्रकरणात सर्वांत मनोवेधक वाटला तो हाच भाग. सिमल्याची बहुतेक जुनी घरे धज्जी पद्धतीची आहेत. देवदाराच्या लाकडाचा सांगाडा उभा करावयाचा, त्यात आडव्या, उभ्या, तिरप्या पट्ट्या ठोकून लहान लहान चौकोन आणि त्रिकोण पाडावयाचे आणि त्या रकान्यांत दगडगोटे व माती भरून वरून गिलावा द्यावयाचा. धज्जी म्हणजे कापडाचा तुकडा. आपल्या आजीने जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून गोधडी शिवावी, तशी ही भिंत शिवलेली असते. जमीन हादरली तर प्रत्येक तुकडा आपल्यापुरता हलतो, कुरकुरतो, थोडी माती सांडतो. पण सबंध भिंत एकदम कोसळत नाही. ४ एप्रिल १९०५ रोजी कांगड्यास भूकंप होऊन सुमारे वीस हजार माणसे दगावली. त्या हादऱ्याने सिमल्यातही पडझड झाली, तरी गाव उभे राहिले. १०० वर्षांनी, २००५ च्या काश्मीर भूकंपातही याच पद्धतीची घरे तगलेली दिसली आणि पाकिस्तानच्या ताब्यातील भागात पुनर्बांधणी करताना तेथील सरकारने धज्जीस रीतसर मान्यता दिली. ज्या कारागिरीला आपले अभियंते कच्चे काम म्हणून नाक मुरडीत होते, तिला हे प्रमाणपत्र मिळाले ते असे, दुर्घटनेच्या हातून.

धज्जीचे दोन वैरी: आग आणि ओल. आगीने सिमल्यात जी घरे खाल्ली त्यांची यादी लांब आहे. पीटरहॉफ या वास्तूत १८८८ पर्यंत व्हाइसरॉय राहत; स्वातंत्र्यानंतर तेथे पूर्व पंजाबचे उच्च न्यायालय भरे आणि १९४९ च्या मे-जूनमध्ये गांधीहत्येच्या खटल्यातील अपिले याच ठिकाणी चालली. महाराष्ट्राच्या इतिहासातील एका काळ्याकुट्ट प्रकरणाचा शेवटचा अंक या देवदारांच्या सावलीत घडला. १९८१ च्या जानेवारीत पीटरहॉफ जळाले. आज त्या जागी दिसते ती नवी इमारत. गॉर्टन कॅसल, म्हणजे महालेखापालांची कचेरी, २०१४ मध्ये पेटले. याउलट १८९६-९७ मधील रेल्वे बोर्डाच्या इमारतीचा लोखंडी सांगाडा मुंबईच्या रिचर्डसन आणि क्रुडास या कारखान्याने घडविला होता. २००१ मध्ये वरच्या भागात आग लागली, तरी तो डगमगला नाही. भायखळ्याचे लोखंड हिमालयात कामास आले, याचा मुंबईकराने थोडा अभिमान बाळगावयास हरकत नाही.

आता कायद्याकडे वळू. हिमाचल प्रदेशास १९७१ मध्ये पूर्ण राज्याचा दर्जा मिळाला. १९७७ मध्ये नगररचनेचा कायदा आणि १९७९ मध्ये सिमल्यासाठी ‘अंतरिम’ विकास आराखडा झाला. सरकारी भाषेत अंतरिम या शब्दाचे आयुष्य किती असते हे आमच्या वाचकांना सांगणे नको. हा आराखडा चार दशकांहून अधिक काळ अंतरिमच राहिला. २००० च्या डिसेंबरात १७ वनपट्टे राखीव ठरले. गावाचा गाभा आणि त्यातील वारसा-क्षेत्र यांत नव्या बांधकामास बंदी आली. ज्याचे घर मोडकळीस आले असेल त्याने ते पुन्हा बांधावे, पण ‘जुन्या रेघेवर’. म्हणजे पूर्वीचे जोते तेवढेच जोते, पूर्वीचे मजले तेवढेच मजले. छप्पर उतरते हवे, त्याचा रंग भोवतालाशी विसंगत नको, आणि वारसा-क्षेत्रात दर्शनी भागाचे जुने रूप राखले पाहिजे.

हा ‘जुन्या रेघेचा’ नियम वाचावयास साधा. पाळावयास मात्र विलक्षण. रेघ जुनी म्हणजे कोणती? नगरपालिकेच्या दप्तरात नकाशा असेल तर ठीक. नसेल तर घरमालकाला इतिहाससंशोधक व्हावे लागते. राजवाडे जसे दप्तरांच्या शोधात गावोगावच्या माळ्यांवर चढले, तसा हा बिचारा स्वतःच्याच घराच्या माळ्यावर चढतो. घरपट्टीच्या पावत्या, वाटणीपत्रे, पाण्याच्या नळाचा जुना अर्ज, आणि काहीच न मिळाले तर बरातीचा फोटो. आमच्या परिचयाच्या त्या दुकानदाराचा तिसरा मजला ओलीने कुजून त्यांच्या वडिलांच्या काळी उतरवला गेला होता. वर आता नुसता पत्रा. दोन मुलांचे संसार खालच्या दोन मजल्यांत कोंबलेले. तळमजल्यावर जुन्या भाड्याने राहणारा भाडेकरू, ज्याच्या भाड्यात वर्षाचा रंगही निघत नाही. तीन मजल्यांची रेघ सिद्ध झाली तर धाकट्याला छप्पर मिळणार होते, दोनची ठरली तर त्याने सोलनला बिऱ्हाड करावयाचे. कार्यालयाने फोटो पाहिला, पण तो कोणत्या साली काढला याचा दाखला मागितला. नवरदेव केव्हाच वारला होता.

असे ऐकले म्हणजे नियमाचा राग येतो. आम्हांलाही आला. गेटी नाट्यगृह डागडुजी होऊन २००९ मध्ये दिमाखाने उघडले, टाउन हॉल २०१८ मध्ये नवा झाला, आणि मग त्याच टाउन हॉलच्या एका भागात खाद्यपदार्थांची दुकाने थाटण्यात आली. २०२४ च्या जानेवारीत उच्च न्यायालयास ती थांबवावी लागली. सामान्याने खिडकीची चौकट बदलू नये आणि वारशाच्या दिवाणखान्यात भटारखाना चालावा, हे कोणाच्या पचनी पडेल? त्यातून ज्यांनी नियम मोडून मजल्यांवर मजले चढविले, त्यांना दंड घेऊन पदरात घेण्याच्या योजना पुनःपुन्हा निघाल्या. २०१६ ची अशी दुरुस्ती उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये रद्द केली. म्हणजे ज्याने अर्ज केला तो अडकला आणि ज्याने केला नाही तो चार मजले वर जाऊन बसला.

तरीही, त्या रागाच्या भरात आम्ही एक गोष्ट विसरत होतो. गेटीचेच उदाहरण घ्या. हेन्री अर्विनने बांधलेल्या या इमारतीचे वरचे मजले धोक्याचे ठरल्यामुळे विसाव्या शतकाच्या आरंभीच उतरवावे लागले होते. डोंगर किती ओझे पेलतो याचा तो पहिला इशारा. नैनीतालला तो याहूनही आधी मिळाला होता: १८ सप्टेंबर १८८० रोजी दरड कोसळून १५१ माणसे गाडली गेली, आणि त्यानंतर तेथे पाणी वाहून नेणाऱ्या नाल्यांचे जाळे बांधले गेले. सिमल्याच्या रिजचा उत्तर उतार, लक्कड बाजार, लडाखी मोहल्ला हे भाग खचणारे म्हणून नोंदलेले आहेत. रिजच्या पोटात तर इंग्रजांनी बांधलेली पाण्याची प्रचंड टाकी आहे. २०११ च्या शिरगणतीत शहराची वस्ती १,६९,५७८ भरली. जुनी रेघ ही वरकरणी देखाव्याची रेघ. परंतु तिने गाभ्यातल्या डोंगरावरचे ओझेही आवरून धरले. जेथे ती रेघ नव्हती तेथे सिमेंटचे सात-सात मजले नाल्यांच्या तोंडावर उभे राहिले. १४ ऑगस्ट २०२३ रोजी समर हिल येथील शिवमंदिरावर दरड येऊन २० माणसे गेली. श्रावणी सोमवार होता. व्हाइसरॉयचा जुना प्रासाद तेथून जवळच. तो मात्र जागचा हलला नाही.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने १६ नोव्हेंबर २०१७ रोजी गाभ्यात व वनपट्ट्यांत बांधकामास बंदी केली आणि इतरत्र दोन मजले व माळा एवढीच मुभा दिली होती. सरकारने २०४१ पर्यंतचा नवा आराखडा केला. न्यायाधिकरणाने तोही २०२२ मध्ये बेकायदा ठरविला. अखेर ११ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधिकरणाचे ते आदेश बाजूस सारून जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आराखड्याचा मार्ग मोकळा केला. आराखडा करणे हे सरकारचे काम, न्यायाधिकरणाने त्यात हुकूम सोडू नयेत, असा त्याचा मुख्य आशय. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती भूषण गवई हे आपल्या अमरावतीचे. नव्या आराखड्यात गाभ्यातही, अटी घालून, दोन मजले आणि राहण्याजोगा माळा यांस वाव ठेवला आहे.

माळा राहण्याजोगा झाला, ही बातमी दुकानदारांना आम्हीच प्रथम सांगितली. त्यांना ती ठाऊक होती. फोटो त्यांनी फडताळात परत ठेवला होता आणि त्याच्या पाठीवर, सुवाच्य उर्दूत, कोणा आतेभावास विचारून मिळविलेले लग्नाचे साल लिहून ठेवले होते. "माळ्यात मुलगा राहील," ते म्हणाले, "पण धज्जीचा सुतार कोठे मिळतो ते आधी पाहावे लागेल. सिमेंटचा माळा या भिंतींना सोसणार नाही." त्यांच्या माहितीत एकच उरला होता, जुब्बळच्या बाजूला, आणि त्याचे वय सत्तरीच्या पुढे होते.