रावेतचा बंधारा आणि पवनेचे पाणी : कृत्रिम पाणथळीच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
नद्यांच्या काठी नगरे वसली आणि नगरांनीच नद्या मलिन केल्या, हा औद्योगिक युगाचा सार्वत्रिक अनुभव आहे. पवना नदीही त्यास अपवाद नाही. प्रस्तुत लेखात रावेत येथील बंधाऱ्याच्या अनुषंगाने या प्रश्नाचा मागोवा घेऊन कृत्रिम पाणथळीच्या उपायाचा विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
१९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन झाली. १९६२ नंतर औद्योगिक विकास महामंडळामुळे कारखानदारी विस्तारली. १९७० मध्ये नगरपालिका व १९८२ मध्ये महानगरपालिका अस्तित्वात आली. या नगराची तहान पवना धरणाने भागविली. धरणातून सोडलेले पाणी नदीपात्रातून रावेतला येते, बंधाऱ्याजवळ उपसले जाते आणि निगडी येथे शुद्ध केले जाते. मात्र वाटेवरील वस्त्यांचे सांडपाणी ओढ्या-नाल्यांवाटे याच पात्रात मिसळते.

बंद जलवाहिनीचा पर्याय :
धरणापासून निगडीपर्यंत सुमारे ३५ किलोमीटर लांबीच्या बंद जलवाहिनीची योजना पुढे आली. नदीचे पाणी तुटेल, या भीतीने मावळातील शेतकऱ्यांनी तिला विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथील आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात तीन आंदोलकांचा मृत्यू झाला. योजना दशकाहून अधिक काळ रखडली. नदी टाळावी की सुधारावी, हा मूळ प्रश्न मात्र कायम राहिला.

कृत्रिम पाणथळ :
जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ केथे झायडेल यांनी १९५० च्या दशकात पाणवनस्पतींद्वारे जलशुद्धीकरणाचे प्रयोग आरंभिले. पुढे नागपूरच्या 'नीरी' संस्थेने याच तत्त्वावर 'फायटोरिड' पद्धती विकसित केली. प्रथम गाळ खाली बसविला जातो. नंतर सांडपाणी खडी-वाळूच्या थरांतून संथपणे वाहते. तेथे पाणकणीस, कर्दळ यांसारख्या वनस्पतींच्या मुळांभोवतीचे सूक्ष्मजीव सेंद्रिय घाण विघटित करतात. विजेचा खर्च अल्प असला, तरी जागा अधिक लागते. गाळ व वाढलेल्या वनस्पती वेळोवेळी काढाव्या लागतात. रासायनिक सांडपाण्यावर मात्र कारखान्यातच प्रक्रिया होणे अपरिहार्य आहे.

समारोप :
बंधाऱ्याच्या वरच्या अंगास, नाले नदीस मिळण्यापूर्वी अशा पाणथळी उभारल्यास नदी व नगर या दोहोंचे हित साधेल. परंतु इमारतींनी वेढल्या जाणाऱ्या रावेत परिसरात नाल्याकाठची मोकळी जागा दिवसेंदिवस आक्रसत आहे. पवनेच्या इतिहासात पाणी उचलण्यास जेवढे महत्त्व मिळाले, तेवढे ते राखण्यास मिळाले नाही. ती उणीव भरून काढावयाची, तर शिल्लक जागा आधी राखावी लागेल.