निघतानाचा शिरपेच

1664 च्या सुरत स्वारीवर जाताना शिवराय आपल्या शिरपामाळावर थांबले आणि जव्हारच्या विक्रमशहा राजांनी त्यांना शिरपेच दिला, असं आपल्याकडं सांगतात. म्हणजे मान मिळाला तो सुरत गाठायच्या आधी, निघतानाच.

आपण उलटं करतो. परवा माळावर एक पोरगा म्हणाला, "दादा, नोकरी सोडून चित्रं काढायचीत. पण फसलो तर गाव हसेल."

मी त्याला आपल्याच जिल्ह्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसेंचं सांगितलं. लग्नाचा चौक लिहिणं हे वारली सवाशिणींचं काम. या बाप्यानं तेच हाती घेतलं, कागदावर आणलं. पद्मश्री मिळाली 2011 साली, पंचाहत्तरी उलटल्यावर!

मंडळी, पोरगं चुकेलही. पण निघतोय तर हसू नका.