पेशींतील दप्तर व त्याचे रुमाल

जुन्या दप्तरांतील कागद रुमालांत घट्ट बांधलेले असतात. रुमाल सुटल्यावांचून कागद वाचतां येत नाहीं. म्हणून इतिहासकाराच्या हातीं काय लागावें हें रुमालाच्या गांठीवरही अवलंबून असतें. सजीवांच्या पेशींतही हाच न्याय चालतो, हें कळण्यास शास्त्रज्ञांना शंभरांवर वर्षें लागलीं. ती हकीकत आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

१८६९ सालीं फ्रीडरिश मीशर यांनीं ट्यूबिंगेन येथें, रुग्णांच्या पट्ट्यांवरील पुवांतून, पेशींच्या केंद्रकांतला एक पदार्थ वेगळा काढला. तोच पुढें डीएनए म्हणून प्रसिद्धीस आला. १८८४ सालीं आल्ब्रेख्ट कोसेल यांना हंसाच्या रक्तपेशींत हिस्टोन हें प्रथिन सांपडलें. पुढें डीएनएची कीर्ति दिगंतास गेली. हिस्टोन मात्र पुष्कळांच्या लेखीं केवळ वेष्टनच राहिलें.

मनुष्याच्या एका पेशींतील डीएनए उलगडला तर सुमारें २ मीटर भरेल. आणि तो मावतो मिलिमीटरच्या शतांशाएवढ्या केंद्रकांत! ही किमया कशी साधते, याचा उलगडा रॉजर कोर्नबर्ग यांनीं १९७४ सालीं मांडला. आठ हिस्टोनांचा एक गड्डा, त्याभोंवतीं डीएनएचे जवळजवळ पावणेदोन वेढे, मग थोडा मोकळा धागा, व पुन्हां गड्डा, अशी ती माळ आहे.

जनुकांचें नियमन करणारीं प्रथिनें डीएनएवरील ठराविक अक्षरक्रम ओळखून तेथें चिकटतात. परंतु तो क्रम वेढ्यांत दडला असेल, तर त्यांपैकीं बहुतेकांस तेथें शिरकाव मिळणें कठीण. १९७६ सालीं वाइनट्रॉब व ग्राउडीन यांनीं कोंबडीच्या पेशींवर डीएनए कापणारें एन्झाइम सोडून पाहिलें. रक्तपेशींत रक्तद्रव्याचें जनुक चटकन कापलें गेलें. इतर पेशींत तेंच जनुक बहुतांशीं सुरक्षित राहिलें. कागद एकच, पण जेथें त्याचें काम, तेथेंच रुमाल सैल!

गांठ सोडतें कोण? १९९६ सालीं डेव्हिड ॲलिस यांच्या प्रयोगशाळेनें दाखविलें कीं, जनुकें चालू करण्यास साहाय्य करणारें एक प्रथिन स्वतःच हिस्टोनांवर ॲसिटिल खुणा चढवितें. अशा खुणांनीं बांधणी सैल होते. फॉक्सए-सारखीं कांहीं अग्रेसर प्रथिनें तर गुंडाळलेल्या धाग्यावरही पाय रोवून इतरांस वाट करून देतात.

हा केवळ पंडितांचा विनोद नव्हे. त्या खुणा पुसणाऱ्या एन्झाइमांस अडविणारें व्होरिनोस्टॅट हें औषध २००६ सालीं अमेरिकेंत त्वचेच्या एका कर्करोगावर मान्य झालें. यकृताची पेशी व मेंदूची पेशी यांचें दप्तर एकच. भेद मुख्यतः सुटलेल्या रुमालांचा. वेष्टन म्हणून बाजूस सारलेल्या वस्तूकडेही अभ्यासकानें पुन्हां पाहावें, हाच या इतिहासाचा बोध आहे, असें आम्हांस वाटतें.