कणगी बोलायला लागली की

आषाढ लागला की आजी रोज सकाळी कणगीवर बोटाचं पेर टकटक वाजवायची. शेणानं सारवलेली कणगी भरलेली असली तर आवाज बद्द यायचा. धान्य खाली उतरलं की वरचा भाग पोकळ वाजायचा. तो पोकळ आवाज तिच्या कमरेखाली गेला, की ती म्हणायची, "कणगी बोलाया लागली. सांजच्याला समदी चुलीपाशी बसा."

आमचं गाव आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, भीमाशंकरच्या डोंगरात. पाऊस उदंड, जमीन थोडी. खाचरात भात, उतारावर नाचणी आणि वरई. ते पिकतं दिवाळीच्या आगेमागे आणि संपतं नेमकं आवणीच्या दिवसांत, जेव्हा चिखलात उभं राहायला अंगात बळ लागतं.

चुलीपाशी पोरांसमोर सगळं बोललं जायचं. किती पायल्या उरल्या, कोणाचं किती देणं. आवणीला जाणाऱ्याला भाकरी, घरी राहणाऱ्याला पेज. चुलते नारायणगावला मजुरीला कधी उतरणार, तेही तिथंच ठरायचं. फारच ओढगस्त झाली तर कडूकंद. त्याच्या चकत्या राखेत शिजवून वाहत्या ओढ्यात ठेवायच्या, तेव्हा कुठे त्यातलं विष उतरतं. आजी ते काम कोणाच्या हाती द्यायची नाही.

ही बैठक तिनं का धरली, ते तिनं मला एकदाच सांगितलं. तिच्या वडिलांनी एका पावसाळ्यात सावकाराकडून दाणे आणले आणि कागदावर अंगठा दिला. घरी म्हणाले, पाहुण्यांनी दिले. दोन वर्षांनी चैत्रात आजीची आई पाटी घेऊन बाळहिरडा झोडायला गेली, तर झाडाखाली दुसरीच माणसं उभी. हिरड्याची सात झाडं गहाण पडली होती. आमच्याकडे मीठ, तेल, लुगडं सगळं हिरड्यावर. "झाडं गेली त्याचं आईला येवढं लागलं नाही," आजी म्हणाली, "तिला लोकांकडून कळलं, त्याचं लागलं."

कागदाची ही भीती त्याहून जुनी. आजीच्या आजोबांनी लहानपणी होन्याचं नाव ऐकलं होतं. होन्या भागोजी केंगले, जांभोरीचा महादेव कोळी. १८७३ पासून त्यानं सावकारांवर धाडी घातल्या, कित्येकांची नाकं कापली. १८७६ मध्ये मेजर डॅनियलनं त्याला पकडलं. मधल्या १८७५ सालच्या मे महिन्यात तिकडे सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. मग १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला; पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी. सावकारानं पावती द्यावी, हिशेब दाखवावा, असं त्यात लिहिलं होतं. मला या कायद्यातलं हेच कलम सगळ्यात मोठं वाटतं. कर्जापेक्षा न दिसणारं कर्ज माणसाला लवकर बुडवतं, हे कोणीतरी तेव्हाच ओळखलं होतं. पण हिशेब वाचणारं माणूस आमच्या डोंगरात कुठं होतं? आजीच्या वडिलांनी अंगठा दिला, तो या कायद्यानंतर कितीतरी वर्षांनी.

२०२० मध्ये टाळेबंदीनं नारायणगावची मजुरी थांबली. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. अंगणात वाळत घातलेला हिरडा भिजला, त्याला बुरशी धरली. झाडांच्या फांद्या मोडल्या. त्या भरपाईसाठी जुन्नर-आंबेगावच्या लोकांना पुढं वर्षानुवर्षं भांडावं लागलं. आमच्या घरी आता कणगी नाही, पत्र्याची कोठी आहे. एके सकाळी आईनं तिच्यावर पेर वाजवलं आणि आजीचेच शब्द उच्चारले.

संध्याकाळी आम्ही बसलो. किलो मोजले, किराणा दुकानाची उधारी मांडली. धाकटा भाऊ बराच वेळ खाली बघत होता. मग त्यानं खिशातून मोबाइल काढून चुलीच्या ओट्यावर ठेवला. तीन महिन्यांपूर्वी त्यानं त्याच्यावरूनच कर्ज घेतलं होतं. बायकोलाही ठाऊक नव्हतं. ती उठून आत जाईल असं मला वाटलं. ती बसून राहिली.

आई रागावली नाही. तिनं माझ्या मुलीला जवळ बोलावलं. "वाच, बाय. मोठ्यानं वाच. किती घेतलं, किती भरलं, किती ऱ्हायलं."

मुलगी वाचत गेली. भावाच्या बायकोनं चुलीतला कोळसा उचलला आणि भिंतीवर आकडे लिहायला सुरुवात केली.